आग शिकायला निघालेली बहीण

माझी बहीण सेता सत्तेचाळीस वर्षांची असताना एका रविवारी जेवता जेवता म्हणाली, "सप्टेंबरपासून मी कॉलेजात जाणार."

आईने पुलावाचं भांडं माझ्याकडे सरकवत विचारलं, "कुणाला सोडायला?"

"कुणाला सोडायला नाही गं. शिकायला. मास्टर्स करणार आहे मी."

"कशात?"

"अग्निसुरक्षा अभियांत्रिकीत."

आईने चमचा खाली ठेवला. "म्हणजे बंबावर जाणार? या वयात शिडीवर चढणार तू?"

"शिडीवर कशाला चढू? आग कशी वाढते, धूर कुठे जातो, माणसं कशी बाहेर पडतात, त्याचा अभ्यास असतो."

"त्यात कसला आलाय अभ्यास? आग लागली की बाहेर पळायचं. झाला अभ्यास. घे, दिली तुला डिग्री. आता पुलाव वाढून घे."

मला हसू आवरेना. पण सेताचं तोंड बघून मी पुलाव वाढून घेतला. ती गंमत करत नव्हती.

मी तिचा धाकटा भाऊ, वाहान. अमेरिकेत वूस्टरमध्ये आमच्या आर्मेनियन चर्चखालच्या उतारावर माझं केस कापायचं दुकान आहे. आमचे आजोबा इथल्या तारेच्या कारखान्यात राबले, वडिलांनी बेकरी चालवली, आणि पुस्तकात डोकं घालणारी घरात एक सेताच निघाली. विशीत नोकरी सांभाळून तिने इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि एका छोट्या कंपनीत लागली. तिथे ती स्प्रिंकलरचे आराखडे काढायची. मोठ्या इमारतींच्या छतातून पाण्याचे पाइप जातात, त्यांना जागोजागी फवाऱ्याची छोटी तोंडं असतात, आग लागली की त्यातून पाणी पडतं. ते पाइप कुठून न्यायचे आणि तोंडं कुठे बसवायची हे ठरवणं तिचं काम. लग्न तिने केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "पाइप मोजता मोजता राहून गेलं."

काम ती उत्तम करायची, पण तिला एक खोड होती. तिला प्रत्येक गोष्टीचं 'का' हवं असे. एकदा तिने कंपनीचा मालक रिची याला विचारलं, "दोन तोंडांमध्ये एवढंच अंतर का ठेवायचं?"

"नियमांच्या पुस्तकात लिहिलंय म्हणून."

"पण पुस्तकात का लिहिलंय?"

"सेता," रिची म्हणाला, "तू पाइप काढ."

रिची माणूस वाईट नव्हता. त्यालाच उत्तर माहीत नव्हतं. सेता मात्र तो प्रश्न घरी घेऊन आली आणि वर्षानुवर्षं आम्हाला ऐकवत राहिली.

मग त्या रविवारच्या आधीच्या डिसेंबरात आमच्या गावातल्या विद्यापीठाने आपली आगीची प्रयोगशाळा लोकांना बघायला उघडली. सेता मला ओढून घेऊन गेली. मी गेलो ते फुकट कॉफी आहे असं कळलं म्हणून. तिथे एका भल्यामोठ्या धुराड्याखाली ख्रिसमसची दोन झाडं उभी केली होती. एकाला रोज पाणी घातलेलं, दुसरं लोकांच्या दिवाणखान्यात असतं तसं वाळून खडखडीत झालेलं. आधी ओल्या झाडाला जाळ लावला. थोडं चरचरलं, धुरकटलं आणि विझलं. मग वाळक्याला लावला. मी कॉफीचा घोट घेतला, आणि तो घशाखाली उतरायच्या आत छताएवढा जाळ उठला आणि झाड संपलंसुद्धा. मागे नुसता काळा दांडा उरला. लोकांनी आ वासला. बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे बघितलं. त्या संध्याकाळी गावातल्या निम्म्या झाडांना पाणी मिळालं असणार.

सेता मात्र दोरीपाशी जाऊन प्रोफेसरांना प्रश्न विचारायला लागली होती. उंच, लाल गालांचा, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. डॉक्टर साल्लिनेन त्यांचं नाव. त्यांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, दुसऱ्याचं दिलं, तिसऱ्याचं फळ्यावर काढून दाखवलं. पुढचा प्रश्न ऐकल्यावर त्यांनी खडू ठेवला.

"याचं उत्तर द्यायला मला एक अख्खं सत्र लागेल. तुम्ही प्रवेशच का घेत नाही?"

"मी नोकरी करते, डॉक्टर."

"माझे निम्मे विद्यार्थी नोकरी करतात. त्यांच्यासाठीच वर्ग संध्याकाळी असतात. आणि तुमच्यासारखे प्रश्न नोकरी केल्याशिवाय सुचत नाहीत."

परतताना गाडीत सेता प्रवेशाचा माहितीचा कागद वाचत बसली.

तर असं ते सुरू झालं. रिचीने कुरकुरत का होईना तिची वेळ बदलून दिली. निम्मा वर्ग समोर बाकांवर, निम्मा भिंतीवरच्या पडद्यावर. पडद्यावरच्यांत एक अलास्कातल्या तेलविहिरीवर काम करणारा गडी होता. त्याच्या खिडकीत हिवाळाभर अंधारच. कुणी तरी जहाजांच्या गोदीतून, कुणी विमानतळावरून. सगळे दिवसभर राबून आलेले. सेता म्हणायची, "वर्ग सुरू झाला की आधी पाच मिनिटं सगळे जांभया देतात. मग डॉक्टर काहीतरी जळतानाचा व्हिडिओ लावतात, की सगळे टक्क जागे."

पण गणिताने तिला घाम फोडला. शेवटचं गणित ती शिकली होती तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. पहिल्या सत्रातल्या परीक्षेचा निकाल लागला त्या शनिवारी ती माझ्या दुकानात आली आणि गिऱ्हाइकांच्या रांगेत खुर्चीवर जाऊन बसली. दुकान खचाखच भरलेलं.

"काय गं?" मी विचारलं.

"नापास झाले."

कात्री थांबली. सगळं दुकान तिच्याकडे बघायला लागलं. आमच्याकडे खासगी असं काही राहत नाही.

"कशात?" म्हाताऱ्या हागोपने विचारलं. त्याच्या गळ्याभोवती माझं कापड होतं.

"उष्णता कशी पसरते, त्यात."

"त्यात नापास होतात?" हागोप म्हणाला. "स्टोव्हजवळ बस, पसरते की नाही कळेल."

"सोडून दे," दुसरा म्हणाला. "माझ्या पुतण्याने वकिली सोडली, आता पिझ्झाचं दुकान आहे, मजेत आहे."

सेता त्यांच्यावर चिडली आणि उठून गेली. मला वाटलं, आता संपलं. पण पुढच्या शनिवारी ती परत आली, तेव्हा तिचा चेहराच वेगळा होता. ती डॉक्टर साल्लिनेनना भेटून आली होती. त्यांनी तिला पेपर दाखवला नाही. प्रयोगशाळेत नेलं, एका तव्यात इंधन पेटवलं आणि हळूहळू मागे सरकायला सांगितलं. "तुम्ही सूत्रं पाठ करता आहात," ते म्हणाले. "आधी गालाला काय कळतंय ते सांगा. सूत्र आपण मागून लिहू."

ते तिला आता आम्हाला शिकवायचं होतं. तिने माझ्या दुकानातला विजेचा हीटर मधोमध ठेवला आणि गिऱ्हाइकांना एकेका जागी उभं केलं. हागोपला जवळ. दुसऱ्याला त्याच्या दुप्पट लांब.

"हागोप, गरम लागतंय?"

"पँट जळेल माझी."

"आणि तुम्हाला?"

"काहीच नाही. निम्मं तरी लागायला हवं ना?"

"निम्मं नाही! चौथाई! दुप्पट लांब गेलं की चौथाई!" सेता टाळ्या पिटत ओरडली. "हवा तापून नाही येत ही उष्णता. ती सरळ येते, उन्हासारखी. म्हणून खोलीत एका कोपऱ्यातला सोफा पेटला तर समोरचा सोफा ज्वाळा न लागताच पेटू शकतो."

"मग माझ्या बायकोने सोफे लांब ठेवावेत असं तू तिला सांग," हागोप म्हणाला. "माझं ती ऐकत नाही."

त्या विषयात ती पुढे चांगल्या गुणांनी सुटली. आणि माझ्या दुकानात सोफे कसे पेटतात यावर आजही कुणीही भाषण देऊ शकतं.

असे तीन हिवाळे गेले. शेवटी पदवीचा प्रकल्प करायची वेळ आली, आणि सेताने आईची इमारत निवडली.

गुडघे गेल्यापासून आई म्हाताऱ्या माणसांसाठीच्या एका उंच इमारतीत राहते, सातव्या मजल्यावर. तिथे आमचे आर्मेनियन आहेत, पोलिश आहेत, पोर्तो रिकोचे, व्हिएतनामी, घानाचे. प्रत्येक मजल्यावर वेगळा वास. सेताचा प्रश्न होता: भोंगा वाजला तर ही माणसं किती वेळात खाली पोचतील? तिने जिन्यांची रुंदी मोजली, म्हाताऱ्यांचा चालण्याचा वेग पुस्तकातून घेतला, गणित मांडलं, उत्तर आलं. आता फक्त ते खरं ठरवायचं होतं. इमारतीच्या मॅनेजरने परवानगी दिली, रहिवाशांना आठवडाभर आधी चिठ्ठ्या गेल्या, आणि एका सकाळी सेता, डॉक्टर साल्लिनेन आणि मी दाराबाहेर उभे राहिलो. भोंगा वाजला.

कुणीच आलं नाही.

भोंगा कोकलत होता. आम्ही दाराकडे बघत होतो. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि एक माणूस कुत्र्याला घेऊन बाहेर आला. सेता धावत त्याच्यापाशी गेली. "तुम्ही कुठल्या मजल्यावरून आलात?"

"दुसऱ्या," तो म्हणाला. "याला फिरवायची वेळ झाली. हा आवाज कसला आहे?"

मग सेताने आईला फोन लावला. मी शेजारीच होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"आई, भोंगा ऐकू येत नाही का तुला?"

"येतोय ना. डोकं उठलंय. बंद करायला सांग कुणाला तरी."

"अगं, तू खाली ये! सराव आहे! चिठ्ठी आली होती ना?"

"दोल्मा लावलाय शेगडीवर. द्राक्षाची पानं मऊ झाली की येते."

सेता फोन बंद करून पायरीवर बसली. तिचे कान लाल झाले होते. "मूर्ख आहेत," ती म्हणाली. "सगळी हट्टी, आळशी माणसं. तीन वर्षं मी यांच्यासाठी मरतेय."

डॉक्टर साल्लिनेन मात्र खूष होते. ते अक्षरशः हात चोळत होते. "सेता, हे फार छान झालं!"

"छान? गणित चुकलं माझं!"

"गणित बरोबर आहे. चालायला लागल्यावर त्यांना किती वेळ लागेल हे त्यात आहे. पण ते चालायला का लागत नाहीत, हे कुठल्या रकान्यात लिहिलंयत तुम्ही? जा, विचारा त्यांना."

मग सेता दारोदार फिरायला लागली. प्रत्येक घरात बसून विचारायचं: भोंगा वाजला तेव्हा तुम्ही काय केलंत? आणि आमच्या गावात म्हाताऱ्यांच्या घरी बसायचं म्हणजे खायचं. पोलिश घरात पिएरोगीच्या उकडलेल्या करंज्या, व्हिएतनामी घरात सूप, घानाच्या मिस्टर ओफोरींकडे तळलेली केळी. महिन्याभरात तिचे सगळे स्कर्ट घट्ट झाले. पण तिला जे कळलं ते कुठल्याही पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तिच्या मनाला जास्त लागलं. माणसं हट्टी नव्हती, आळशीही नव्हती. भोंगा दर पंधरवड्याला कुणाच्या तरी जळक्या टोस्टने वाजायचा, मग त्यावर विश्वास कसा ठेवायचा? तो काही सांगतही नव्हता. आग कुठे, जायचं कुठे, नुसती कोकलणी. आणि निम्म्यांना तो ऐकूच येत नव्हता. वय झालं की कानांतून बारीक, चिरके आवाज आधी जातात, जाडे आवाज टिकतात.

आणि सगळ्यांच्या उत्तरात एक गोष्ट होतीच. "मग मी लुमीला विचारलं," प्रत्येक जण म्हणायचा. किंवा, "लुमी काही बोलली नाही, म्हणून मी बसून राहिलो."

लुमी म्हणजे इलुमिनादा. पोर्तो रिकोची, आईच्याच मजल्यावर राहणारी. आयुष्यभर शाळेच्या जेवणघरात पोरांना रांगेत उभी करत आलेली बाई. आता ती इमारतीत दर बुधवारी बिंगोच्या खेळाचे आकडे पुकारते. तिचा आवाज जाडा, सावकाश आणि असा की ऐकणाऱ्याचे हात आपोआप मांडीवर येतात. सेताने तिला गाठलं आणि विचारलं, "तुमचा आवाज भोंग्याच्या जागी बसवला तर चालेल?"

इमारतीचा जुना भोंगा तसाही बदलायचाच होता; नवीन यंत्रात बोललेला निरोप भरून ठेवता येत होता. बंबखात्याच्या साहेबांनी कागद तपासून होकार दिला. लुमी तयार झाली. नाही झाली ती एकटी आमची आई.

कारण आई आणि लुमी दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. एका बुधवारी लुमीने पुकारलं बासष्ट, आईने ऐकलं बहात्तर, आणि आई "बिंगो!" म्हणून उठली. लुमीने चारचौघांत तिला खाली बसवलं. बक्षिसाचं भलंथोरलं हॅम दुसरीला गेलं. तेव्हापासून लिफ्टमध्ये एक असली तर दुसरी थांबायची.

"ती बाई माझ्या छतातून बोलणार?" आई म्हणाली. "माझ्या स्वतःच्या घरात?"

"आग लागली तरच, आई."

"मग आग बरी."

सेता लुमीकडे गेली. लुमी म्हणाली, "तुझ्या आईला सांग, बासष्ट मी बासष्टच म्हणाले होते."

सेताने त्यावर जो तोडगा काढला तो तिला कुठल्या वर्गात शिकवला नव्हता. तिने आईला सांगितलं, निरोप इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये लुमीचा, पण आर्मेनियनमध्ये तुझा. इमारतीत आर्मेनियन बोलणारी मोजकीच माणसं, पण आईने तेवढ्यासाठी केस सेट करून घेतले. मीच केले.

निरोप भरायच्या दिवशी बिंगोच्या खोलीत मायक्रोफोन मांडला. लुमीने आपला भाग एका दमात संपवला. "ऐका. सहाव्या मजल्यावर आग आहे. पाच, सहा आणि सात, तुम्ही आत्ता जिन्याने खाली या. शेगडी बंद करा, दार ओढून घ्या, पर्स शोधत बसू नका. बाकीच्यांनी दार लावून घरातच थांबा." असं तिने प्रत्येक मजल्याचं वेगवेगळं म्हटलं. मग आई बसली. आणि जन्मभर जिचं तोंड आम्ही बंद झालेलं पाहिलं नाही, त्या आमच्या आईच्या घशातून मायक्रोफोनसमोर आवाजच फुटेना. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडकली. तिचे डोळे भरून आले.

लुमी उठून तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसली. पर्समधून खोकल्याची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. "घाई करू नकोस, अराक्सी. समोर शाळेतली पोरं बसलीयत असं समज. त्यांना सूप हवंय आणि तू सांगितल्याशिवाय ते मिळणार नाही."

आईने गोळी चघळली. मग तिने पहिल्या मजल्यापासून वरपर्यंत सगळं खणखणीत आर्मेनियनमध्ये म्हटलं. नंतर दोघी आईकडे कॉफी प्यायला गेल्या, आणि सेताला दारातूनच परत पाठवलं.

त्यानंतरचा सराव छान झाला. पण मला सांगायचंय ते पुढचं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

सोमवारी माझं दुकान बंद असतं. त्या दिवशी मी आईच्या इमारतीत जाऊन ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांचे केस कापतो. एप्रिलमधला सोमवार होता. दुपारी विद्यापीठात सेताला तिचा प्रकल्प प्रोफेसरांसमोर मांडायचा होता. मी पाचव्या मजल्यावर मिस्टर पोप्लाव्स्कींची दाढी करत होतो. कारखान्यातली यंत्रं ऐकून ऐकून त्यांचे कान गेलेले. मी त्यांच्याशी खुणांनीच बोलतो. एक गाल झाला, दुसऱ्यावर फेस लावला, तेवढ्यात छतातून आवाज आला. जाडा, सावकाश.

"ऐका. सहाव्या मजल्यावर आग आहे."

मिस्टर पोप्लाव्स्कींनी मान वळवली. "लुमी बोलतेय?"

मी मान हलवली आणि वस्तरा मिटला.

"मग चल," ते म्हणाले आणि गळ्यातल्या कापडासकट उठले.

बाहेर गॅलरीत दारं उघडत होती. कुणी धावत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. ज्यांनी आधी भोंग्याला भीक घातली नव्हती, ती माणसं शेगड्या बंद करून, दारं ओढून, जोडीजोडीने जिन्याकडे निघाली होती. सेताने प्रत्येकाला आपला जोडीदार ठरवायला लावला होता, कारण माणूस सोबतीसाठी थांबतोच. मग कुणासाठी थांबायचं ते आधीच ठरलेलं बरं. मिस्टर ओफोरी एका म्हातारीचा वॉकर खांद्यावर टाकून तिला हाताला धरून उतरवत होते. वरच्या वळणावरून आईचा आवाज येत होता. दोन आवाज येत होते, खरं तर. एक छतातून आर्मेनियनमध्ये सगळ्यांना खाली बोलावत होता, दुसरा जिन्यातून लुमीला सांगत होता, "कठडा धर, कठडा धर, तुझं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय."

आम्ही बाहेर पोचलो तेव्हा बंब वळणावरून येतच होते. सहाव्या मजल्यावरच्या मिसेस ब्रोन्यांनी शेगडीवर तेल ठेवलं होतं आणि फोनवर बहिणीशी बोलत बसल्या होत्या. तेलाने पेट घेतला, छतापर्यंत जाळ गेला, आणि शेगडीजवळचं एक स्प्रिंकलर फुटून पाणी पडायला लागलं. तेवढं एकच, सगळीकडून पाऊस पडतो तो नुसता सिनेमात. बंबवाले वर पोचले तेव्हा आग जवळपास विझलीच होती. भिजलेलं स्वयंपाकघर आणि काळी पडलेली कढई, एवढंच नुकसान. मिसेस ब्रोन्या लुमीच्या शालीत गुरफटून रडत होत्या आणि बहीण अजून फोनवर होती.

बंबवाल्यांच्या कॅप्टनने पार्किंगमध्ये जमलेली सगळी पांढरी डोकी पाहिली आणि टोपी मागे सरकवली. "ही तिन्ही मजल्यांची माणसं? आम्ही यायच्या आत?" मग तो मिस्टर पोप्लाव्स्कींकडे वळला. "आणि हे?"

"दाढी अर्धी राहिली," मी म्हटलं.

मी सेताला फोनवर फोन करत होतो. तिचा फोन बंद. ती त्या वेळी प्रोफेसरांसमोर उभी राहून याच जिन्यांबद्दल बोलत होती. शेवटी तिचाच फोन आला. "पास झाले रे! वाहान, त्यांनी उभं राहून टाळ्या…"

"सेता, आईच्या इमारतीत आग लागली होती. सगळे सुखरूप आहेत. सगळे. आई इथे माझ्याशेजारी सँडविच खातेय."

पलीकडे फोन पडल्याचा आवाज आला.

डॉक्टर साल्लिनेननी तिला आपल्या जुन्या गाडीतून आणलं. ठेवणीतले बूट घालून ती पार्किंगमधून धावत आली, आईला मिठी मारली, लुमीला मारली, मग अर्ध्या फेसाळ मिस्टर पोप्लाव्स्कींनाही मारली. पहिले शब्द काय बोलली माहितीय?

"कुठल्या जिन्याने आलात?"

"पूर्वेच्या," आई म्हणाली. "पश्चिमेच्या जिन्यात वारा लागतो."

"आणि किती वेळ लागला? कुणी घड्याळ बघितलं का?"

"घड्याळ कुठलं बघतेस? लुमी 'आत्ता' म्हणाली, आम्ही आत्ता आलो."

सेता हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. ती तिथेच फुटपाथच्या कडेला बसली. डॉक्टर साल्लिनेन तिच्याजवळ खाली बसले. इतक्या उंच माणसाला तसं बसणं सोपं नव्हतं.

"मूर्ख म्हणाले होते मी यांना," सेता म्हणाली. "पहिल्या दिवशी."

"आणि मग तुम्ही जाऊन विचारलंत," डॉक्टर म्हणाले. "अभियांत्रिकी असते ती तेवढीच. रुमाल आहे माझ्याकडे, फक्त त्याला थोडं रॉकेल लागलंय."

मे महिन्यात तिला पदवी मिळाली. व्यासपीठावरच्या माणसाने आमचं आडनाव उच्चारताना चांगलीच वाट लावली, पण आमच्या बाकड्यांवरून एवढा कल्ला झाला की कुणाला ते कळलंही नाही. इमारतीची अर्धी माणसं बस करून आली होती. आता सेता कंपनीत पाइप काढत नाही. रिचीने तिला वेगळी खोली दिली आहे, आणि ती राज्यभर म्हाताऱ्या माणसांच्या इमारती बघत फिरते. प्रत्येक ठिकाणी आधी दारोदार जाते, बसते, खाते, विचारते. नवे स्कर्ट शिवून घेतलेत.

पदवीच्या दुसऱ्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये जेवण ठेवलं होतं. आईने दोन दिवस आधीपासून लाहमाजूनच्या खिमा थापलेल्या पातळ रोट्या भाजल्या, लुमीने डुकराचं मांस रात्रभर शिजवलं, मिसेस ब्रोन्यांनी काहीही तळायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, म्हणून त्यांनी केक आणला. बंबवाल्यांची अख्खी पाळी आली आणि त्यांनी अर्धं जेवण एकट्यांनी संपवलं. मग लोकांनी सेताला बोलायचा आग्रह केला. ती खुर्चीवर उभी राहिली. समोर सगळी माणसं, भरलेली ताटं, मुलांचा गोंधळ.

"गार होतंय," ती म्हणाली. "जेवा."

आणि आम्ही जेवलो. मग ढोल वाजला, करंगळीत करंगळी गुंतवून सगळे गोलात उभे राहिले, आणि दुपार टळेपर्यंत कुणी खाली बसलं नाही.